हिरव्या चिठ्ठीच्या शेंगा

शेंगा विकत घेणाऱ्या कंपनीचे साहेब जातीनं घरी येऊन ‘उत्तम शेतकरी’ म्हणून सन्मानचिन्ह देणार असं कळलं, तेव्हापासून घरात दोन माणसं हवेत होती, एक धुमसत होतं आणि दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं. हवेत होता तो थोरल्या सुनेचा नवरा, ज्याला सगळे मोजपट्टी म्हणत, आणि सोबत त्याची बहीण. ती या सोहळ्यासाठी शिवणाचं दुकान दोन दिवस बंद ठेवून आली होती. धुमसत होता धाकटा भाऊ, ज्याला सगळा गाव खुसपट म्हणायचा. कुलूप लावलं होतं या दोघा भावांच्या बायकांनी, थोरलीनं आणि धाकटीनं. म्हातारे मामंजी कुठल्याच गटात नव्हते. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नेमकं काय कमी ऐकायचं ते त्यांचं ते ठरवत.

कार्यक्रमाच्या सकाळी थोरली अंगण झाडत होती. नणंदेनं सकाळीच येऊन खुर्च्या मांडून घेतल्या. घरून शिवून आणलेलं पांढरं कापड चार बांबूंना ताणून तिनं झकास सावली केली. मोठ्या भावाच्या कौतुकात ती इतकी रंगली होती की वहिनीचा चेहरा बघायला तिला फुरसत नव्हती. एकदाच तिनं विचारलं, की नवऱ्याला मान मिळतोय आणि वहिनी अशी परीक्षेला बसल्यासारखी का दिसतेय. थोरली म्हणाली, चहाला साखर पुरेल की नाही याची काळजी आहे. साखर डबाभर होती.

काळजी वेगळीच होती. साहेब येताना नुसतं सन्मानचिन्ह आणणार नव्हते, एक कागदही आणणार होते. या महिन्याअखेर लाल चिठ्ठीवाल्या सगळ्या शेतकऱ्यांना कंपनी बंद करणार होती. खुसपटाची चिठ्ठी लाल होती. तो बंद झाला की त्याचा जमिनीचा पट्टा मोजपट्टीनं कसायला घ्यावा, म्हणजे कंपनीला एकाच चांगल्या हातचा जास्त माल मिळेल, अशी साहेबांची सूचना होती. मोजपट्टीनं ती लगेच मान्य केली. खुसपटानंही हट्टानं शहरात नोकरी बघितली होती, तीही त्याच कंपनीच्या दुकानात, दाराशी रखवालदार म्हणून. “पिकवून आत शिरता आलं नाही, तर दारात तरी उभा राहतो,” असं तो म्हणाला होता. धाकटी तेव्हा हसली होती आणि मग शेडमागे जाऊन रडली होती. ते थोरलीनं पाहिलं होतं.

दोघा भावांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं, चुली वेगळ्या झाल्या, जमिनीचे दोन पट्टे झाले. फक्त माल भरायची पत्र्याची शेड मामंजींनी वाटू दिली नाही. “ती मी मेल्यावर वाटा,” म्हणाले, “तोवर मला तिथं झोपायचंय.” मग शेडच्या जमिनीवर चुन्याची रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे थोरली आणि पलीकडे धाकटी रोज संध्याकाळी घेवड्याच्या शेंगा निवडायला बसत. नवरे बोलत नव्हते म्हणून बायकांनी बोलू नये, असा कायदा काही झाला नव्हता.

कंपनी आली तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला होता. बाजारात उभं राहून ओरडायला नको, माल कंपनीच्या सेंटरवर नेऊन उतरवला की झालं. पण मग अटी आल्या. शेंग सरळ हवी, बारा सेंटीमीटर हवी, डाग नको, वाकवली की ‘कट्’ आवाज करून मोडायला हवी. कंपनीच्या बियाण्याचा माल दुसरीकडे विकायचा नाही, नापास झालेलासुद्धा. थोरलीच्या नवऱ्यानं त्याच दिवशी स्टीलची पट्टी आणून खिशात ठेवली आणि त्याला नाव पडलं. मग चिठ्ठ्या आल्या. प्रत्येक क्रेटला शेतकऱ्याच्या नंबराची चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीचा रंग ठरवणार कंपनी. हिरवी चिठ्ठी असेल तर सेंटरच्या फाटकावर माल सात वाजायच्या आत उतरवून गार खोलीत. लाल असेल तर उन्हात रांगेत उभं राहायचं, अकरानंतर नंबर. चार तास उन्हात राहिलेली शेंग कट् करत नाही, दोरीसारखी लोंबते. ती लोंबली की नापास, आणि नापास झाली की चिठ्ठी लालच राहते.

खुसपटाची चिठ्ठी पहिल्यापासून लाल नव्हती. त्यानं एकदा फाटकावरच्या तपासनिसाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “माझ्या शेंगा शनिवारी पास होतात आणि मंगळवारी नापास. मंगळवारी काय त्यांच्या अंगात येतं?” रांग हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याची चिठ्ठी लाल झाली.

मोजपट्टीचं म्हणणं सरळ होतं, की माल चांगला असेल तर चिठ्ठी हिरवी होतेच. तो सातच्या आत माल उतरवून घरी यायचा, त्यामुळे लाल रांग त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

अदलाबदल झाली ती पहिल्यांदा चुकून. एका संध्याकाळी दोघी जावा नणंदेच्या नवऱ्याच्या घोरण्याविषयी बोलत बोलत चिठ्ठ्या बांधत होत्या. धाकटी त्या घोरण्याची नक्कल करत होती, आणि हसण्याच्या नादात दोन्ही गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या उलट्या बांधल्या गेल्या. पहाटे दोघे भाऊ आले. प्रत्येकानं आपल्या रंगाची चिठ्ठी बघून दाराशी रचलेले क्रेट आपापल्या गाडीत चढवले आणि निघून गेले. मग धाकटीला उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा रेघेच्या भलत्याच बाजूला दिसला. दोघी तशाच शेडमध्ये बसून राहिल्या. थोरलीला वाटलं, आज आपल्या नवऱ्याची हिरवी चिठ्ठी जाणार. मान खाली घालून परत येणारा नवरा तिला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

साडेसातला मोजपट्टी शीळ घालत परत आला. तपासनिसानं शेंग मोडून शाबास म्हटलं होतं. खुसपट दुपारी परत आला, सहा क्रेट नापास घेऊन. त्या शेंगा मोजपट्टीच्या होत्या, एकेक पट्टीवर मोजलेल्या.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, “जाऊबाई, उद्या चूक दुरुस्त करायची की सुधारून पुन्हा करायची?”

थोरली आयुष्यात कधी खोटं वागली नव्हती, निदान ठरवून तरी. तिला स्वतःचंच नवल वाटलं, की उत्तर द्यायला तिला क्षणही लागला नाही.

अशी ती चूक अकरा दिवस चालली. अकराही दिवस हिरव्या चिठ्ठीखाली गेलेल्या खुसपटाच्या शेंगा पास झाल्या, आणि लाल चिठ्ठीखाली गेलेल्या मोजपट्टीच्या शेंगा निम्म्याहून जास्त परत आल्या. आठव्या दिवशी तर कहर झाला. खुसपट परत आणलेले क्रेट अंगणात उतरवत होता आणि मोजपट्टी ओट्यावर दात कोरत बसला होता. भावाशी बोलायचं नसल्यामुळे तो बायकोला उद्देशून पण अंगणभर ऐकू जाईल असा बोलू लागला. सांग म्हणाला तुझ्या दिराला, माल पिकवायला नुसतं तोंड असून चालत नाही. मग उठला, क्रेटमधली एक शेंग उचलली, पट्टी लावली. बरोबर बारा. दुसरी उचलली. बारा. जरा गोंधळला. मग शेंग बोटांत झुलवत म्हणाला, “लांबी आहे, पण जीव नाही. यात मेहनतीचा जीवच नाही.”

थोरलीनं पाठ फिरवली आणि भांडी घासायला घेतली, ती आधीच घासलेली होती. धाकटी शेडमध्ये तोंडात बोळा कोंबून बसली होती. मामंजी तेवढे मोठ्यानं म्हणाले, “काय म्हणाला? कुणाचा जीव गेला?”

तेव्हा हसू आलं होतं. पण त्याच आठवड्यात सन्मानचिन्हाची बातमी आली आणि मागोमाग त्या कागदाची, आणि हसण्यावर पाणी पडलं. धाकटीनं सामान बांधायला घेतलं. थोरलीनं तिला सांगितलं की मी बोलेन. धाकटी म्हणाली, बोलू नका, भाऊजींना चारचौघांत खाली पाहावं लागेल, आणि नंतर तुमचं काय होईल. थोरलीनं त्यावर काही ठरवलं नाही. कार्यक्रमाच्या सकाळपर्यंतही तिनं काहीच ठरवलं नव्हतं.

साहेब नऊ वाजता आले. बरोबर फाटकावरचा तपासनीस होता, आणि मोठ्या कार्यालयानं पाठवलेली एक फोटोवाली. ती आल्या आल्या सगळ्यांना उजेडाकडे तोंड करायला सांगू लागली. शेजारीपाजारीही जमले. त्यात लाल चिठ्ठीवाले बरेच होते, पुढच्या महिन्यात आपलं काय ते साहेबांच्या तोंडून ऐकायला आलेले. खुसपट कुंपणाला टेकून उभा राहिला. मोजपट्टीनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिशातून पट्टीचं टोक दिसेल अशी काळजी घेतली होती.

साहेब बोलायला छान होते. दुकानात येणारं गिऱ्हाईक किती चोखंदळ असतं, त्याच्या ताटापर्यंत ताजी शेंग पोचवणं ही केवढी साखळी असते, आणि या साखळीची पहिली कडी म्हणजे शेतकरी, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी फरक दाखवायचं ठरवलं. एका क्रेटला हिरवी चिठ्ठी होती, तो आजच भरलेला. दुसरा लाल चिठ्ठीचा, कालचा परत आलेला. साहेबांनी हिरव्यातली शेंग मोडली. कट्. लालमधली वाकवली, ती वाकून वर्तुळ झाली.

“बघा,” साहेब म्हणाले, “एकच गाव, एकच पाणी, एकच बियाणं. फरक कशाचा? माणसाचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात नणंदेनं. मोजपट्टीनं मान नम्रपणे खाली घातली. कुंपणाशी खुसपटाचा चेहरा लाल झाला, आणि धाकटीनं हळूच त्याच्या बाहीला धरलं, तो काही बोलून बसू नये म्हणून. ते बाहीला धरणं थोरलीनं पाहिलं. साहेबांनी कागद काढला, पेनाचं टोपण काढलं आणि मोजपट्टीपुढे धरलं.

“थांबा,” थोरली म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो शांतपणे टेबलावर ठेवला.

“सही करायच्या आधी सन्मानचिन्ह कोणाचं ते ठरवा, साहेब. गेले अकरा दिवस चिठ्ठ्या उलट्या बांधल्यात. हिरव्या चिठ्ठीखाली धाकट्या भाऊजींचा माल गेला. लाल चिठ्ठीखाली यांचा. आत्ता तुम्ही जी वाकवलीत ना, ती यांची शेंग.”

मामंजींना हे अगदी स्वच्छ ऐकू आलं, आणि त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

मोजपट्टीनं बायकोकडे पाहिलं. थोरलीनं ती नजर चुकवली नाही, पण तिला वाटलं आता पायाखालची जमीन दुभंगेल तर बरं. तो हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी अंगणात मी ज्या शेंगांना...”

“हो.”

“जीव नाही म्हणालो त्या...”

“तुमच्याच.”

कुंपणापाशी खुसपटाला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. पण ज्याला आयुष्यभर काही लपवता आलं नाही, त्याला हे काय लपणार. जमलेले लाल चिठ्ठीवाले आधी दचकले, मग एकेक करून हसू लागले. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं की ही कंपनीची फसवणूक आहे, दोन्ही नंबर आजच बंद होतील, हिरवाही आणि लालही. हसणं जागच्या जागी थांबलं. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या मनात आलं, एकीचं घर वाचवायला गेले आणि दोघींचं बुडवलं.

मोजपट्टी अजून उभाच होता. त्याला राग आला की तो ओरडत नसे, मोजत असे. क्रेटमधल्या चार शेंगा त्यानं टेबलावर ओळीत मांडल्या आणि तपासनिसाकडे वळला.

“परवा लाल चिठ्ठीचे सहा क्रेट नापास केलेस. काय दोष होता?”

तपासनीस साहेबांकडे बघू लागला.

“तिकडे बघू नकोस. दोष शेंगेत असतो, साहेबांच्या तोंडावर नसतो. लांबी कमी होती?”

“नाही.”

“डाग होते?”

“नाही.” तपासनीस साधा माणूस होता. खोटं बोलायचा पगार त्याला वेगळा मिळत नव्हता. तो म्हणाला, “त्या दिवशी मंगळवार होता. दुकानातून फोन आला की माल पुरे. मग दहानंतर जे येईल ते...”

पुढचं त्यानं गिळलं, पण गिळायला उशीर झाला होता.

“मंगळवारी अंगात येतं, मी सांगत होतो,” खुसपट म्हणाला.

आता नणंद उठली. थोरलीला वाटलं, ही आता आपल्याला फैलावर घेणार. पण नणंद तपासनिसापुढे जाऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “माझ्याकडे पण अशी गिऱ्हाइकं येतात. लग्न मोडलं की कपडे घट्ट होतात. सरळ सांगत नाहीत की नकोय, मापातच खोट काढतात.” मग थोरल्या भावाला म्हणाली, “आणि तुझ्या शब्दावर विसंबून मी दोन वर्षं गावभर सांगत फिरले, की धाकट्याच्या हाताला गुण नाही.”

साहेबांना अचानक दुसऱ्या गावची बैठक आठवली. ते निघायला उठले. तेव्हा मोजपट्टीनं दोन वर्षांत पहिल्यांदा भावाकडे तोंड केलं आणि, जणू काल रात्रीच दोघे एका ताटात जेवले होते अशा सुरात, म्हणाला, “टेम्पो फाटकात आडवा लाव.”

खुसपटानं कशाला म्हणून विचारलं नाही. टेम्पो अंगणाच्या फाटकात आडवा लागला, साहेबांची गाडी आत राहिली, आणि टेम्पोची किल्ली खुसपटानं आणून मामंजींच्या हातात दिली. मामंजींनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली.

मोजपट्टी अदबीनं म्हणाला, “साहेब, आलात तसे जरा बसा. आजच्या तोडीतला एक क्रेट हिरव्या चिठ्ठीचा, एक लाल चिठ्ठीचा. हिरवा उन्हात ठेवतो, लाल सावलीत. तुम्ही लाल रांगेला थांबवता तेवढंच आपण थांबू. मग तुम्हीच दोन्ही मोडून बघा.”

साहेबांनी मामंजींकडे किल्ली मागितली. मामंजींनी त्यांना वय सांगितलं. पुन्हा मागितली, तेव्हा मामंजी म्हणाले की गुडघे दुखतात, पण चालायचंच. एवढ्यात नणंदेनं चारही बांबूंवरचं पांढरं कापड सोडायला घेतलं. साहेब बघत राहिले. तिनं सांगितलं की त्याला माती लागलीय, धुवायला टाकते. साहेबांनी खुर्ची घेऊन ओट्याच्या सावलीकडे जायचं ठरवलं. पण ओट्यावर तोवर लाल चिठ्ठीवाल्यांनी इतकी दाटी केली होती की मुंगीलाही जागा नव्हती, आणि सगळे इतक्या आदरानं ‘बसा ना साहेब’ म्हणत होते की कुणी उठायचा प्रश्नच नव्हता.

उन्हं चढली. धाकटी दर अर्ध्या तासाला साहेबांना कढत चहा आणून देत होती आणि नाही म्हणू देत नव्हती. साहेबांनी आधी कोट काढला, मग टाय सैल केला, मग कागदानं वारा घ्यायला सुरुवात केली. तो तोच सहीचा कागद होता. फोटोवाली मुलगी तेवढी मजेत होती. तिनं उन्हातल्या क्रेटचा फोटो काढला, सावलीतल्या क्रेटचा काढला, मामंजींचे चार काढले. साहेबांनी तिला पुरे म्हटलं, तर ती म्हणाली की तिला मोठ्या कार्यालयानं सांगितलंय, दिवसभरात जे जे होईल ते सगळं थेट तिकडे पाठवायचं. तेव्हा साहेबांच्या कपाळाचा घाम वेगळा दिसू लागला.

पावणेदोनला मोजपट्टीनं दोन्ही क्रेट टेबलावर ठेवले. साहेबांनी लाल चिठ्ठीची शेंग वाकवली. कट्. ओट्यावर कुणी टाळी वाजवली नाही, सगळे कान देऊन होते. मग त्यांनी हिरव्या चिठ्ठीची उचलली. ती त्यांच्या बोटांवरून खाली लोंबली. फोटोवालीनं त्यांना जरा उजेडाकडे वळायला सांगितलं आणि फोटो घेतला.

“हा पाठवायचा का?” तिनं निरागसपणे विचारलं.

साहेबांनी ती लोंबती शेंग हळूच टेबलावर ठेवली. थोरलीला त्या घटकेला त्यांची किंचित दयाही आली. त्यांच्याही वर कुणी साहेब असणार, त्या साहेबाच्या हातातही कसल्या तरी रंगाच्या चिठ्ठ्या असणार. मग त्यांनी कागद मागितला, नवा. दोन्ही पट्ट्यांचा मिळून एकच नंबर, रंग हिरवा, पट्टे ज्याचे त्याच्याकडे. हे त्यांनी लिहून दिलं. चिठ्ठ्या बांधण्यातल्या गफलतीला ‘लेखी चूक’ म्हटलं. मोजपट्टी समाधान पावला होता. तो किल्ली मागायला मामंजींकडे वळला.

“अजून एक,” थोरली म्हणाली. आज आपल्याला काय झालंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. “फाटकाबाहेर लाल रांग उभी राहते तिथं छप्पर. आणि मंगळवारी माल नको असेल तर पहाटे फोन करून नको म्हणून सांगायचं. शेंगेला नावं ठेवायची नाहीत.”

साहेब म्हणाले, छप्पर त्यांच्या हातात नाही.

“किल्ली तरी कुठं आमच्या हातात आहे,” थोरली म्हणाली, आणि मामंजींनी खिशावर हात ठेवला.

साहेबांनी तेही लिहून दिलं. लाल चिठ्ठ्या महिन्याअखेर बंद करण्याचं मात्र ते काढू शकले नाहीत. वरिष्ठांना विचारतो म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज एवढा उतरला होता की ते खरंच विचारतील असं ओट्यावरच्यांना वाटलं. खुसपटानं तेवढ्यावर सोडायला नको म्हणून सगळ्यांदेखत तारीख ठरवून घेतली. मग टेम्पो सरकला आणि गाडी गेली. सन्मानचिन्ह गडबडीत टेबलावरच राहिलं, चहाच्या कपांमध्ये.

गर्दी पांगता पांगता तीन बायका थोरलीभोवती घुटमळल्या. एकीनं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, चिठ्ठ्या उलट्या बांधायच्या तर गाठ कुठली मारायची. थोरली म्हणाली, तिला यातलं काही माहीत नाही, ती लेखी चूक होती. पण संध्याकाळी शेंगा निवडायला शेडमध्ये येऊन बसायचं असेल तर जागा पुष्कळ आहे, आणि तिच्या घरी आता हिरव्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे येणार आहेत. बायका मोठ्या समजूतदारपणे मान हलवून गेल्या.

दुपारभर थोरली बोलणी खायची वाट बघत होती. नवरा जेवला, गप्प. शेतात गेला, भावाबरोबर विहिरीची मोटर बघून आला, तरी गप्प. दिवस कलला तेव्हा ती शेडमध्ये शेंगांचा ढीग उपसत होती. तो आला आणि समोर पाटावर बसला. तिनं मनाची तयारी केली. म्हणेल, चारचौघांत नाक कापलंस. म्हणेल, अकरा दिवस रोज तोंडावर खोटं बोललीस. दोन्ही खरं होतं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“तू दोन्ही हाताळल्यास अकरा दिवस. तुला तर कळलंच असेल.” त्यानं खिशातली पट्टी चाचपली. “चांगल्या कुणाच्या होत्या? त्याच्या की माझ्या?”

थोरलीनं हातातली शेंग खाली ठेवली. खुसपट पाणी संध्याकाळी द्यायचा, त्याच्या शेंगा काकणभर जास्त कोवळ्या लागायच्या. हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. इस्त्रीच्या सदऱ्याला दिवसभराच्या चुण्या पडल्या होत्या.

“हे काय विचारणं झालं,” ती म्हणाली. “तुमच्या.”

उठताना त्यानं तिच्या पुढ्यातला जड क्रेट स्वतःहून उचलून बाजूला ठेवला, आणि जाताना शीळ घातली.

तो दिसेनासा झाल्यावर थोरली घाईनं उठून धाकटीच्या स्वयंपाकघरात गेली. धाकटी बांधलेलं सामान सोडून भांडी परत फळीवर लावत होती. थोरलीनं तिला कानात सांगितलं, की भाऊजींनी जर कधी विचारलं, शेंगा कुणाच्या चांगल्या, तर डोळे मिटून सांगायचं, तुमच्या.

धाकटीनं पातेलं फळीवर ठेवलं.

“ते तर मी त्यांना दुपारीच सांगून टाकलं,” ती म्हणाली.